दुसरा राउटर जोडताना: राउटर मोड आणि ॲक्सेस पॉइंट मोड

फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूस बहुतेक घरांत आपले यंत्र दरवाजाजवळ किंवा हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला बसवून जातो, कारण तार तिथवरच सहज पोहोचते. मग आतल्या खोलीत वायफायची रेंज मिळत नाही, आणि कोकणातल्या चिऱ्याच्या घरात तर दोन भिंती ओलांडताच ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ संपतो. उपाय म्हणून दुकानातून नवा वायरलेस राउटर आणला जातो, जुन्या यंत्रापासून लॅन केबल ओढून त्याला जोडली जाते आणि इंटरनेट सुरू होते. ते सुरू होते म्हणूनच पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: हा नवा डबा राउटर म्हणून काम करतो आहे, की ॲक्सेस पॉइंट म्हणून? पहिल्या दिवशी दोन्हींचा अनुभव सारखाच असतो. फरक कळतो तो आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला हॉलमधला प्रिंटर सापडेनासा झाल्यावर.

ज्याला आपण एका शब्दात राउटर म्हणतो, त्या यंत्रात खरे तर तीन कामे एकत्र केलेली असतात. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटून देणे हे डीएचसीपीचे काम. सगळ्या उपकरणांचा बाहेरच्या जगाशी होणारा व्यवहार एकाच पत्त्यावरून चालवणे हे नॅटचे. आणि तारेतून आलेली माहिती हवेतून फोनपर्यंत पोहोचवणे हे वायफायचे. ॲक्सेस पॉइंट यांतले फक्त तिसरे काम करतो आणि पहिल्या दोन्ही बाबतींत जुन्या यंत्राच्या आज्ञेत राहतो. राउटर मोडमधला नवा डबा मात्र तिन्ही कामे स्वतःकडे घेतो आणि घरातच दुसरे घर थाटतो.

नॅट म्हणजे सरकारी कचेरीतला आवक-जावक विभाग समजावा. आतल्या कोणत्याही टेबलावरून निघालेले पत्र कचेरीच्या एकाच शिक्क्याने बाहेर जाते, नोंदवहीत त्याचा क्रमांक लिहिला जातो, आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते योग्य टेबलावर पोहोचवले जाते. ही सोय करावी लागली, कारण आयपी या इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी आहेत, म्हणून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसारखे काही गट खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले आणि ते आज घरोघरी तेच ते वापरले जातात. दुसरा डबा राउटर मोडमध्ये ठेवला की एका कचेरीच्या पोटात दुसरी कचेरी तयार होते आणि प्रत्येक पत्राची नोंद दोन वह्यांत होऊ लागते.

त्यामुळे वेग मंदावतो असे सर्रास सांगितले जाते, पण ते फारसे खरे नाही. संकेतस्थळे, व्हिडिओ, बँकेचे व्यवहार हे सगळे दोन नॅटमधूनही बिनबोभाट चालते. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे, जवळपासचा प्रिंटर किंवा टीव्ही शोधण्यासाठी फोन जी हाक मारतो, ती राउटरची सीमा ओलांडत नाही. दुसरे म्हणजे, बाहेरून आपणहून येणाऱ्या पत्राची कोणत्याच वहीत नोंद नसते, त्यामुळे ऑनलाइन खेळांत किंवा घरातला कॅमेरा थेट बाहेरून पाहताना अडथळे येऊ शकतात.

आपल्याकडे काय झाले आहे, हे ओळखणे सोपे आहे. फोन आधी जुन्या आणि मग नव्या वायफायला जोडून त्याचा आयपी पत्ता पाहावा. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० अशी सुरुवात दिसली, तर नवा डबा राउटर मोडमध्ये आहे. मुख्य, म्हणजे कंपनीने बसवलेल्या जुन्या, यंत्राचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला असेल, तर सेवा देणारी कंपनीच तिच्या बाजूला आणखी एक नॅट चालवत असते. तिथे घरातली मांडणी सुधारल्याने प्रिंटर सापडेल, पण बाहेरून येणारी वाट मोकळी होणार नाही.

राउटर मोड योग्य ठरतो अशी ठिकाणेही आहेत. मुख्य यंत्र ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे पत्ते वाटणे आणि नॅट ही कामे न करता फक्त जोडणी पुढे देत असेल, तर नव्या डब्यालाच राउटर व्हावे लागते. कार्यालयीन कामाचा संगणक घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळा ठेवायचा असेल, तरीही तो दुसऱ्या राउटरच्या मागे ठेवणे शहाणपणाचे आहे. भाडेकरूला वेगळे वायफाय म्हणून दुसरा राउटर देताना मात्र अनेकांची दिशा चुकते. आतल्या राउटरच्या मागे बसलेला माणूस बाहेरच्या, म्हणजे घरमालकाच्या, उपकरणांपर्यंत त्यांचा पत्ता माहीत असल्यास पोहोचू शकतो. मालकाला मात्र भाडेकरूची उपकरणे दिसत नाहीत. संरक्षण मिळते ते भाडेकरूला. अशा वेळी मुख्य यंत्रातले गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय, बरे.

बाकी बहुतेक घरांसाठी ॲक्सेस पॉइंटच योग्य आहे, असे माझे मत आहे. नव्या डब्यांच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असतो. निवडला की काम संपते. जुना पडून असलेला राउटर वापरायचा असेल आणि त्यात हा पर्याय नसेल, तर तो आधी फक्त संगणकाला जोडावा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य यंत्राच्याच गटातला पण इतर कोणाला न मिळणारा असा ठेवावा, मग डीएचसीपी बंद करावे आणि शेवटी मुख्य यंत्राकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. वॅन पोर्ट, म्हणजे एरवी इंटरनेटची तार लावायची जागा, रिकामाच राहतो. दोन्हीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर घरात फिरताना फोन स्वतःहून जोडणी बदलतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ क्रमांकाचे चॅनेल दिले, म्हणजे दोघे एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत.

ॲक्सेस पॉइंट झाल्यावर डब्याखाली छापलेल्या पत्त्यावर त्याचे सेटिंगचे पान बरेचदा उघडत नाही, कारण आता त्याचा पत्ताही मुख्य यंत्र ठरवते. तो मुख्य यंत्राच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सापडतो. हे ठाऊक नसल्याने डबा बिघडला असे समजून कोणीतरी सुईने मागचे रीसेटचे बटण दाबते, आणि डबा निमूटपणे पुन्हा राउटर होतो.