कंपवात आणि पर्यावरणातील विषद्रव्ये

कंपवात (पार्किन्सन रोग) हा मेंदूतील चेतापेशींच्या ऱ्हासामुळे होणारा विकार आहे. मध्यमेंदूतील 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळपट पट्ट्यात डोपामीन (हालचालींचे नियंत्रण करणारे निरोप पोहोचवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू मरत जातात आणि बऱ्याचशा नष्ट झाल्यावरच कंप, ताठरपणा, मंदावलेली हालचाल ही लक्षणे दिसू लागतात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. थोड्या रुग्णांत एखादे सदोष जनुक सापडते. बाकीच्यांत वय, आनुवंशिक कल आणि वर्षानुवर्षे अंगात भिनलेली रसायने यांचा गुंता असतो.

या गुंत्याचे एक टोक हाती लागले ते एका बनावट अमली पदार्थामुळे. १९८२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे थिजले. एकाला आधी मनोरुग्णच समजले गेले. पण हातात पेन्सिल दिल्यावर तो अतिशय सावकाश, तरी नीट अर्थ लागेल असे लिहू लागला. मन शाबूत होते, शरीर तेवढे अडकले होते. चेतातज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी या रुग्णांना कंपवातावरचे लिव्होडोपा हे औषध दिले आणि ते हलू लागले. या तरुणांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये 'एमपीटीपी' हे रसायन चुकून तयार झाले होते. मेंदूत त्याचे 'एमपीपी प्लस' बनते. पेशी ज्या वाटेने डोपामीन परत आत ओढून घेते त्याच वाटेने ते आत शिरते आणि तंतुकणिकांतील (मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जाकेंद्रे) ऊर्जानिर्मिती बंद पाडते. म्हणून बळी नेमका डोपामीनच्या पेशींचा जातो. उतारवयातला म्हणून ओळखला जाणारा रोग एक रसायन काही दिवसांत घडवू शकते, हे यातून उघड झाले.

एमपीपी प्लसचा रेणू पॅराक्वाट या तणनाशकाच्या रेणूशी बराच मिळताजुळता आहे. साहजिकच संशय शेताकडे वळला. पॅराक्वाटची मारण्याची रीत मात्र निराळी: ते पेशीत मुक्त मूलकांचा (पेशीची मोडतोड करणाऱ्या अस्थिर रेणूंचा) भडका उडवते. वनस्पतींच्या मुळांपासून मिळणारे रोटेनोन हे कीटकनाशक थेट तंतुकणिकांवर घाला घालते. २००० मध्ये उंदरांना ते सतत दिल्यावर त्यांच्यात कंपवातासारखी लक्षणे उमटली. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना येथील फवारणी करणाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात या दोनपैकी कोणतेही रसायन हाताळलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पॅराक्वाटबाबतचा पुरावा पुरेसा नाही, अशीच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका राहिली. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, भारतात विकले जाते.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले, ती तत्काळ विषबाधा होती. कंपवाताचा संबंध जोडायचा तर फवारणी आणि पहिला कंप यांमध्ये दोन-तीन दशके गेलेली असतात. तोवर पंप भंगारात गेलेला असतो आणि डब्यावरचे नाव कोणाला आठवत नाही.

विष पाण्यातूनही येते. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेज्यून या लष्करी तळावर १९५३ ते १९८७ दरम्यान पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे यंत्रांवरचे ग्रीस धुण्याचे द्रावक मिसळत होते. दूषित पाणी नसलेल्या तळाशी तुलना करता तेथील सैनिकांत कंपवाताचा धोका ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे २०२३ मध्ये दिसले.

मँगनीजची बाधा कंपवातासारखी दिसते, पण तो कंपवात नव्हे. १८३७ मध्ये जॉन कूपर यांनी ग्लासगोजवळच्या मँगनीज दळणाऱ्या कामगारांत ती नोंदवली. यात हातांचा कंप कमी, चाल कोंबड्यासारखी चवड्यांवर आणि लिव्होडोपाचा गुण फारसा नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीज खाणींच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे: मँगनीजची ही बाधा भारतीय कायद्याखाली अधिसूचित रोगांत मोडते. फवारणीशी निगडित कंपवाताला व्यावसायिक रोग म्हणून मान्यता देणाऱ्या देशांत फ्रान्स आहे. तेथे २०१२ पासून शेतकऱ्यांना भरपाई मागता येते.