इंजिन ऑइल गरम असताना काढावे की थंड? : पार्श्वभूमी

‘गाडी एक चक्कर मारून आण, मग ऑइल काढ’ हा नियम ज्या काळात रुळला, त्या काळातले ऑइल आजच्यासारखे नव्हते. 1930च्या दशकापर्यंत मोटारींत साधे खनिज तेल वापरत. त्यात ना इंजिन आतून स्वच्छ ठेवणारे डिटर्जंट असे, ना काजळी तरंगत ठेवणारे डिस्पर्संट. फिल्टर असलाच तर बायपास पद्धतीचा, म्हणजे एका वेळी थोडेच ऑइल त्यातून जाई. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतली, वाफ आणि ज्वलनाचे वायू नळीतून थेट रस्त्यावर सोडले जात. परिणामी काजळी, पाणी आणि शिशाचे कण चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठते त्या भांड्याच्या, तळाशी बसून गाळ होई. इंजिन रात्रभर थंड राहू दिले की चेंबरच्या तळाचा बोल्ट काढल्यावर वरचे ऑइल निघून जाई आणि गाळ जागीच राही. शिवाय 0 अंशाला 30 ग्रेडच्या ऑइलची विस्कॉसिटी (घट्टपणा) पंधराशे सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजण्याचे एकक) आसपास जाते. हिवाळ्यात ते धारेने नव्हे, लोंबत उतरे. तेव्हा गरम करण्याला दुसरा पर्यायच नव्हता.

डिटर्जंट आधी डिझेल इंजिनांच्या ऑइलमध्ये आले, कारण तिथे पिस्टनच्या रिंगा चिकटून बसत. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मोटारींच्या ऑइलमध्येही रुजले. पुढे सगळे ऑइल गाळणारा फुल-फ्लो फिल्टर आणि थंडीतही फार घट्ट न होणारे मल्टिग्रेड ऑइल आले, तर 1960च्या दशकात क्रँककेसमधले वायू परत इनटेककडे वळवणारा व्हॉल्व्ह आला. नियमामागची कारणे एकेक करून गेली, नियम तेवढा राहिला.

वाद आहे तो इथे. गरमच्या बाजूचे सांगतात की ऑइल ढवळलेले असताना घाण त्याच्यासोबत बाहेर येते. पण आजच्या ऑइलमधली काजळी एक मायक्रॉनहून लहान असते आणि डिस्पर्संट तिला धरून ठेवतो. रात्रभरात ती तळाशी बसत नाही. म्हणून तर ऑइल काळे दिसते, आणि काळे दिसणे हे ते काम करत असल्याचे लक्षण आहे. तळाशी बसतात ते धातूचे जड कण. ते फिल्टरपर्यंत गेलेच नसतील, तर दहा मिनिटे आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवल्याने चेंबरच्या कोपऱ्यातून उठून येतील असेही नाही. जुना घट्ट गाळ तर गरम ऑइलनेही सुटत नाही.

थंडच्या बाजूचा मुद्दा फारसा कोणी मांडत नाही, पण तो जास्त पक्का आहे. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर हेड, कॅमशाफ्टच्या खाचा आणि टायमिंग कव्हर यांत ऑइल अडकलेले असते. रात्रभरात ते चेंबरमध्ये उतरते. म्हणजे गरम ऑइल भराभर निघते, तर रात्रभर उभ्या गाडीतून, वेळ दिल्यास, निदान तेवढेच निघते. दोन्हीकडे ऑइल कूलर आणि गॅलऱ्यांमध्ये (ऑइल वाहण्याच्या आतल्या वाटांमध्ये) थोडे जुने ऑइल उरतेच. फरक पडतो तो वेळेचा. त्यामुळे ज्याला धार संपेपर्यंत थांबायचे नाही, त्याने थंड ऑइल काढू नये. घाईत बोल्ट लावला की खरोखरच जास्त जुने ऑइल आत राहते, आणि थंडची बदनामी बहुधा अशीच झाली.

वेळेचा फरक किती, ते ग्रेडवर ठरते. 15डब्ल्यू-40 या जाड ग्रेडच्या ऑइलची विस्कॉसिटी 100 अंशांना सुमारे 14 सेंटिस्टोक असते, 60 अंशांना 45च्या आसपास आणि 20 अंशांना तीनशेच्या घरात. 0डब्ल्यू-20 हे पातळ ऑइल मात्र 20 अंशांनाही साधारण 110 असते, म्हणजे 15डब्ल्यू-40 जेवढे 40 अंशांना पातळ होते जवळपास तेवढेच. पातळ ऑइलच्या गाड्या वाढल्या तसा गरम करण्याचा फायदा आकसत गेला. जाड ऑइलच्या डिझेल गाडीत तो अजून आहे.

‘गरम’ म्हणजे किती, यावरही घोळ होतो. काटा कूलंटचे तापमान दाखवतो आणि ऑइल त्याच्या बरेच मागे असते. पाच मिनिटे आयडलवर ठेवलेल्या गाडीत काटा वर आला तरी चेंबरमधले ऑइल कोमटच असते. कामाला तेवढे पुरते. उलट लांबवर धावून आलेल्या गाडीत ते 90-100 अंशांवर असते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत खोलवर भाजते, आणि ऑइल तर कातडीला चिकटून राहते. बोल्ट सुटताना पहिली धार तिरकी येते, थेट मनगटावर. एक्झॉस्टचा पाइपही तिथेच शेजारी असतो. म्हणून अशा गाडीला निदान अर्धा तास द्यावा.

दुसरे नुकसान आट्यांचे. बऱ्याच चेंबर आता ॲल्युमिनियमच्या असतात आणि बोल्ट लोखंडी. तापलेल्या धातूवर बोल्ट जोराने पिळला की आटे जातात. आधी फिलर कॅप काढावी म्हणजे हवा जाऊन धार अखंड राहते. कार्ट्रिज फिल्टर (ज्याची आतली गाळणी तेवढी बदलतात) इंजिनच्या वरच्या बाजूला असेल तर त्याचे झाकण आधी सैल करावे, त्यातले ऑइल चेंबरमध्ये उतरते. धार थेंबांवर आली की थंड ऑइलसाठी आणखी पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. नवा वॉशर घालून बोल्ट आधी हाताने बसवावा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला कसावा. तो बहुतेक गाड्यांत 25 ते 40 न्यूटन-मीटर असतो.

डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढण्याची पद्धत रुळली तसे गरमचे पारडे पुन्हा थोडे जड झाले. बारीक नळीतून थंड ऑइल चढता चढत नाही. फार गरम असेल तर प्लॅस्टिकची नळी मऊ पडते. 50-60 अंश तिथे बरे.

हायब्रिड गाड्यांनी जुनाच प्रश्न नव्याने आणला आहे. इंजिन मध्येच चालू, मध्येच बंद, म्हणून छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरते तापतच नाही. मग पाणी आणि न जळलेले पेट्रोल त्यात साठते. ते उडवायला बदलाच्या दिवशीची दहा मिनिटे कामाची नाहीत, आणि तसे पाहिले तर जे ऑइल काढूनच टाकायचे आहे त्यातले पाणी उडवून साधणार काय? गाडी अधूनमधून सलग अर्धा-पाऊण तास धावायला हवी. बदलताना इंजिन कोमट करायचेच असेल तर बॅटरी भरलेली असताना ते आपणहून सुरू होत नाही, मॅन्युअलमधला मेंटेनन्स मोड लावावा लागतो. आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी सिस्टिम पूर्ण बंद करून चावी दूर ठेवावी, नाहीतर रिकाम्या चेंबरवर इंजिन अचानक सुरू होऊ शकते.