औषधांच्या समस्यांची वर्गवारी कशी घडत गेली

थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं व्यंगासह जन्मली. त्या दुर्घटनेनंतर, १९६०च्या दशकात, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला अनेक देशांनी सुरुवात केली. पण गरजेचं औषध लिहिलंच गेलं नाही, डोस कमी पडला किंवा पेशंटपर्यंत औषध पोहोचलंच नाही, तर त्याची नोंद कुठे करायची? नुकसान तर यातही होतं.

१९९० साली अमेरिकेत लिंडा स्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी अशा समस्यांचे आठ प्रकार मांडले. त्याच वर्षी चार्ल्स हेपलर आणि स्ट्रँड यांनी फार्मास्युटिकल केअरची कल्पना मांडली: औषध हातात दिलं की फार्मासिस्टचं काम संपत नाही, उपचाराच्या परिणामाची जबाबदारीही त्याने घ्यायची.

त्या आठ प्रकारांत मात्र एक गुंता होता. दोन औषधांची आंतरक्रिया हे खरं तर कारण, आणि दुष्परिणाम हा त्याचा परिणाम. पण दोन्ही एकाच यादीत शेजारी-शेजारी. १९९८च्या सात प्रकारांच्या सुधारित यादीतून आंतरक्रियेचा वेगळा प्रकार गेला आणि पेशंटने औषध नीट न घेणं हा प्रकार ठळकपणे आला.

गुंता सोडवण्याचं मोठं काम युरोपात झालं. तिथल्या फार्मास्युटिकल केअर नेटवर्क युरोप अर्थात पीसीएनईने जानेवारी १९९९च्या परिषदेत स्वतःची वर्गवारी तयार केली. समस्या एका रकान्यात, कारण दुसऱ्यात, केलेला उपाय तिसऱ्यात. समजा, एका आजोबांचं बीपी उतरत नाही, कारण डोकं दुखेल तेव्हाच ते गोळी घेतात. इथे समस्या 'उपचाराचा अपुरा परिणाम' ही, आणि अनियमित गोळी हे कारण. हे वेगळं केलं नाही, तर गोळीचा डोस वाढवला जातो आणि आजोबांशी कुणी बोलतच नाही. स्पेनमध्येही ग्रॅनडा इथे १९९८, २००२ आणि २००७ अशा तज्ज्ञांच्या तीन सहमती-निवेदनांतून विचार याच वळणावर आला.

भारतात २००८ साली फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आला आणि वॉर्डात राउंडला जाणारे क्लिनिकल फार्मासिस्ट तयार होऊ लागले. इथल्या रुग्णालयांतल्या अनेक अभ्यासांत आता पीसीएनईची वर्गवारी वापरली जाते. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ती अजून पोहोचायची आहे. तिथल्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरीला जागा असते. पेशंट गोळी कशी घेतो, हे लिहायला सहसा नसते.