अंगात रक्त 'भरपूर' झालं की हृदयाचं काय होतं?

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये निपाणीकडचा एक चोवीस वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. खांदे-दंड नजर लागावी असे. पण चेहरा लालबुंद, डोकं सतत जड आणि बीपी वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. रिपोर्टवर हिमोग्लोबिन १९.२ पाहून वडील खूश झाले. "पोराच्या अंगात रक्त चांगलंच हाय की ओ!" हिमोग्लोबिन कमी भरण्याची आपल्याकडे इतकी धास्ती आहे, की ते जास्त निघालं तर कुणाला काळजीच वाटत नाही.

मी त्यांना नळी दाखवली. काडीएवढ्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ती पाचेक मिनिटं यंत्रात गरगर फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. दोन्हींच्या मधे पांढऱ्या पेशींची बारीक रेघ दिसते. निरोगी पुरुषाच्या नळीत लाल भाग साधारण ४० ते ५० टक्के असतो. यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात. या मुलाचा होता ५७. वडील पैसे भरायला गेले तेव्हा त्यानं हळूच सांगितलं, की जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून तो सहा महिने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेत होता.

स्नायू वाढवणाऱ्या औषधानं रक्त का वाढावं? शरीरातली ही व्यवस्था मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रक्तातला प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडाला ते कळतं आणि ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याचा निरोप मिळाला की हाडांतली मज्जा लाल पेशी बनवायला लागते. पेशी पुरेशा झाल्या की निरोप आपोआप थांबतो. टेस्टोस्टेरॉन हा थांबण्याचा बिंदूच वर सरकवतं, म्हणून पेशी पुरेशा असूनही काम चालूच राहतं. कच्चा माल, म्हणजे लोह, कुठून येतं? यकृत हेप्सिडिन नावाचं एक प्रथिन बनवतं. आतड्यातून आणि शरीराच्या साठ्यातून रक्तात लोह सोडणारी दारं हे प्रथिन बंद करतं. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिनलाच दाबतं, त्यामुळे ही दारं उघडी राहतात. एकीकडे मागणी वाढवायची, दुसरीकडे कोठाराचं कुलूप काढायचं, असा हा दुहेरी परिणाम. त्यात लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे वाढलेली गर्दी लगेच ओसरत नाही.

गर्दी वाढल्यानं काय बिघडतं, हे आपल्या भागात गुऱ्हाळ पाहिलेल्याला पटकन समजेल. काईलीत रस उकळत असताना बराच वेळ तो पाण्यासारखाच ढवळला जातो. मग शेवटच्या टप्प्यात थोडंसंच पाणी उडतं आणि ढवळणाऱ्याच्या दंडाला ओढ बसायला लागते. रक्ताचंही तसंच. हिमॅटोक्रिट ४५ असताना रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाट असतं, ६० ते ७० पर्यंत गेलं तर दहा पटही होऊ शकतं. केशवाहिन्या लाल पेशीएवढ्याच, काही तर तिच्याहूनही अरुंद. इतकं दाट रक्त तिथून ढकलायला हृदयाला दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. प्रत्येक थेंबात प्राणवायू जास्त असतो खरा, पण प्रवाहच मंदावला तर स्नायूंना तो कमीच मिळतो. शिवाय गुठळी होण्याचा धोका वाढतो. वैद्यकीय कारणासाठी टेस्टोस्टेरॉन चालू असलेल्या रुग्णाचं हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलं तर डॉक्टर औषध थांबवतात. जिममधले डोस त्या औषधाच्या कित्येक पट असतात.

स्पर्धेआधी अंग 'कट' दिसावं म्हणून काही मुलं पाणी तोडतात, लघवीच्या गोळ्या घेतात. मग प्लाझ्माच आटतो आणि आधीच दाट असलेलं रक्त ऐन स्टेजवर आणखी दाट होतं. बेळगावच्या आसपास बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धा हौसेनं भरतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

दाट रक्त हा एकच धोका नव्हे. ही औषधं (यांनाच जिममध्ये स्टिरॉइड म्हणतात), त्यातही गोळ्या, चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) पाडतात, वाईट वाढवतात. हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, आणि जाड म्हणजे बळकट नव्हे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनं उचलणारे १४० पुरुष तपासले होते. स्टिरॉइड न घेणाऱ्यांचं हृदय दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर टाकत होतं, घेणाऱ्यांचं ५२ टक्के.

'रक्त पातळ करायला लसूण-मध घे', 'रक्तशुद्धीचा काढा घे' असले सल्ले या मुलांना सर्रास मिळतात. काढ्यानं हेप्सिडिन परत वर येत नाही. रक्तदान केल्यानं हिमॅटोक्रिट थोडे दिवस उतरतं, पण इंजेक्शन चालू असेल तर पुन्हा चढतं. कोलेस्टेरॉल आणि जाड झालेला कप्पा तर तसेच राहतात. आमच्या तालमीतले जुने वस्ताद जोर-बैठका, दूध-बदाम यांवर पैलवान घडवत. त्याला वर्षं लागत, आणि ती वर्षं वाचवण्याचा सुरक्षित मार्ग मला माहीत नाही.

मुलानं त्याच दिवशी डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव सांगितलं. त्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिलं. इंजेक्शन थांबवून तीन महिने झाले की तो पुन्हा नळी फिरवायला येणार आहे.