उपाशी पडदा आणि तुंबलेला डोळा

‘मधुमेह आहे म्हणजे आज ना उद्या काचबिंदू होणारच’ असं काहीजण धरून चालतात. काहींना वाटतं, साखर फक्त डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) बिघडवते. दोघंही चुकतात.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक द्रव सतत झिरपत असतो, मिनिटाला साधारण 2 ते 3 मायक्रोलिटर. (हे अश्रू नव्हेत.) पारपटल (डोळ्याची पुढची पारदर्शक काच) आणि बुबुळ (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) जिथे मिळतात त्या कोनात बारीक जाळी असते. बराचसा द्रव तिच्यातून रक्तात परततो. निचरा अडला की दाब चढतो आणि मागे दृष्टीच्या नसेचे तंतू मरू लागतात. हाच काचबिंदू. मेलेले तंतू परत येत नाहीत. काचबिंदू ‘विरघळवणारे’ थेंब विकणाऱ्यांना हे एकदा विचारायला हवं.

नेहमीच्या काचबिंदूत हा कोन उघडाच असतो, जाळीतून निचरा मंदावतो. मधुमेहींमध्ये तो थोडा जास्त आढळतो. खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे, जो मधुमेह स्वतः घडवून आणतो.

वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्या बुजतात. पडदा प्राणवायूचा भलता खादाड. उपाशी पेशी मग नव्या रक्तवाहिन्या मागवणारं प्रथिन सोडतात. असं काही रसायन असावं, हा तर्क नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्येच मांडला होता. 1989 मध्ये शास्त्रज्ञ नेपोलियोन फेरारा यांनी हे प्रथिन, ‘व्हीईजीएफ’, वेगळं करून दाखवलं. पण हे प्रथिन पडद्यापाशी थांबत नाही. द्रवाबरोबर वाहत पुढे येतं, आणि वाहिन्या उगवतात भलत्याच जागी: बुबुळावर आणि त्या कोनात. सोबत एक तंतुमय पापुद्रा तयार होतो. तो व्रणासारखा आकसतो, बुबुळ ओढून जाळीवर चिकटवतो आणि कोन चेन लावल्यासारखा बंद होत जातो.

म्हणून इथे नुसते दाबाचे थेंब पुरत नाहीत, मूळ भूक कमी करावी लागते. लेझरनं पडद्याचा कडेचा भाग मुद्दाम भाजतात. तेवढ्या पेशी गेल्या की प्राणवायूची मागणी घटते. व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शननं नव्या वाहिन्या काही दिवसांत सुकतात, पण चिकटलेला कोन त्यानं सुटत नाही आणि औषधाचा असर ओसरला की वाहिन्या परत येऊ शकतात.

या नव्या वाहिन्या पहिल्यांदा दिसतात बहुधा बाहुलीच्या काठाला, केसाएवढ्या लाल रेषांसारख्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की त्या नजरेतून सुटू शकतात, म्हणून डॉक्टर थेंबांआधीच तो काठ भिंगातून निरखतात.