‘अपघात’ शोधला, ‘घटना’ निसटली

एका मोठ्या खटल्याची सुमारे ४०,००० कागदपत्रं संगणकात भरलेली होती. वकील त्यातून शब्द देऊन हवं ते शोधून घेत. आपल्या कामाचे निदान ७५ टक्के कागद हाती लागलेत, अशी त्यांची समजूत होती. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या संशोधकांनी पडताळणी केली, तर आकडा निघाला जेमतेम २० टक्के! त्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला.

गोची शब्दांत होती. खटला एका अपघाताचा. पण ज्यांच्यावर तो शेकणार होता, ते आपल्या पत्रांत ‘अपघात’ लिहितील कशाला? ते लिहीत ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’. ‘अपघात’ शोधणाऱ्याला ही पत्रं दिसत नव्हती, आणि न दिसलेलं किती, हे कळायला मार्गही नव्हता.

शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये आपलंही असंच होतं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, अमुक शब्द तमुक पानांवर, तशीच अवाढव्य सूची इथे असते. बऱ्याचदा ती फक्त शीर्षक आणि सारांशातल्या शब्दांवरून केलेली असते. आतल्या मजकुराचा तिला पत्ताच नसतो. त्यामुळे अख्खा प्रश्न टाइप करू नये. त्यातल्या कल्पना सुट्या करायच्या, एकाच कल्पनेचे पर्यायी शब्द कंसात ‘ऑर’ने जोडायचे आणि मग असे कंस एकमेकांना ‘अँड’ने. ‘ऑर’ने जाळं रुंदावतं, ‘अँड’ने आवळतं. (नवखे नेमकं उलटं धरून चालतात.)

वैद्यकातल्या निबंधांच्या पबमेड या डेटाबेसमध्ये साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. तिथे ‘मेश’ नावाची ठरीव विषयशब्दांची यादी १९६० पासून वापरात आहे. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहो वा आणखी काही, नोंदीवर विषयशब्द लागतो ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’. आपण ‘हार्ट अटॅक’ टाइप केलं, तर पबमेड गुपचूप हा विषयशब्दही शोधतं. मात्र तेच अवतरणचिन्हांत टाकलं की ही मदत बंद! नेमकेपणाच्या हौसेपायी अनेकजण इथेच फसतात. शिवाय काही निबंधांना विषयशब्द लागलेलेच नसतात, म्हणून साधे शब्द आणि विषयशब्द दोन्ही वापरावेत.

‘नॉट’ मी तरी शक्यतो वापरत नाही. ‘मुलं नकोत’ असं सांगितलं, की मुलं आणि प्रौढ यांची तुलना करणारा, म्हणजे आपल्याला हवाच असलेला निबंधही बाहेर फेकला जातो.

शब्दांना बगल देणारी एक वाटही आहे. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला: या निबंधाचा हवाला पुढे कोणी कोणी दिला, याची सूची. एक चांगला जुना निबंध सापडला, की त्याच्या संदर्भयादीतून मागे जाता येतं आणि हवाल्यांवरून पुढे. आज गूगल स्कॉलरमध्ये त्यासाठी नोंदीखालच्या एका दुव्यावर टिचकी मारली की झालं.

आणि आपलं जाळं फाटकं आहे का, ते तपासायचं असेल तर आधीच माहीत असलेले चार-पाच निबंध बाजूला ठेवा. शोध चालवा, ते सगळे येतात का पाहा. एखादा आला नाही, तर त्याचा सारांश उघडा आणि आपल्या ‘अपघाता’ला त्या लेखकाने काय म्हटलंय ते वाचा. तो शब्द कंसात घालून शोध पुन्हा चालवा.