उपशाचा खड्डा व उपसा-पंप (मराठवाड्यातील तळघरे)

घराच्या तळघरात भिंतींतून, फरशीखालून किंवा उतारावरून येणारे पाणी सर्वांत खोल जागी केलेल्या खड्ड्यात जमवून ते मोटारीने आपोआप बाहेर काढण्याची व्यवस्था. बाजारात तिला ‘संप पंप’ म्हणतात आणि त्यातून घोटाळा होतो. हैदराबाद व कर्नाटकाकडे संप म्हणजे पिण्याचे पाणी साठवण्याची जमिनीखालची टाकी, जिला मराठवाड्यात हौद म्हणतात. इथला खड्डा मात्र सतत रिकामा राहावा म्हणून असतो, त्यामुळे गवंड्याशी बोलताना ‘उपशाचा खड्डा’ म्हटलेले बरे.

ही व्यवस्था उत्तर अमेरिकेच्या थंड भागात रुळली. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, आणि एवढे खोदलेच आहे तर तळघर बांधून घेतात. मराठवाड्यात तळघर होते ते धान्यासाठी. आता ते गाड्या, गोदाम किंवा दुकानासाठी असते.

मराठवाडा म्हटले की दुष्काळ आठवतो, त्यामुळे तळघरात पाणी शिरेल हे घर बांधणाऱ्याला पटतच नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पावसाळा सरताना याच भागात अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरण भरले. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर या जिल्ह्यांत सीना, सिंदफणा, मांजरा, तेरणा यांच्या पुराने शेते खरवडून नेली. इथल्या तळघराला खरा धोका आषाढापेक्षा भाद्रपद-आश्विनात असतो: उत्तरा, हस्ताचा पाऊस भिजून तुडुंब झालेल्या जमिनीवर पडतो.

जुन्या गावांत वस्ती पांढरीवर आणि शेती काळीत असे. पांढरी म्हणजे गावठाण, बहुधा उंचवट्यावरचे. ज्वारीची पेवेही तिथेच खणत, कारण पेवात पाणी गेले की वर्षाचे धान्य कुजे. शहरे वाढली तशी ती काळीत उतरली. अकृषिक परवानगी घेऊन रानांचे प्लॉट पडले आणि जिथे पूर्वी कुणी पेव खणले नसते तिथे तळघरे निघाली. तळघर गळू लागले की दोष बहुतेकदा सिमेंटला दिला जातो; तो पुष्कळदा जागेचा असतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज भरपूर असते. उन्हाळ्यात माती आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या पायथ्याशी जाते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, पाणी धरून ठेवते आणि भिंतीला बाहेरून रेटते. काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली बसाल्टचा खडक. मुरमात उतरलेले पाणी खडकावरून आडवे वाहते. विहिरीला पाझर फुटतात ते याच थरातून. खडक फोडून खणलेले तळघर या वाटेवर आले की तो एक हौदच होतो. भिंतीबाहेरच्या भरावात खणलेली काळी मातीच परत लोटली तर पाणी तिथेच अडकते. तिथे खडी भरावी, पायथ्याशी भोके पाडलेला पाइप टाकून तो उपशाच्या खड्ड्यात आणावा.

पाण्याला वाट करून दिली की दगडी बांधकामही कोरडे राहते, याचा नमुना मराठवाड्यातच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ या सांडव्यांवरून धबधबे कोसळत असताना आत माणूस उभा राहू शकतो.

पंपाआधीची कामे थोडक्यात अशी: तळघराच्या उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरा आणि आडवी जाळीची गटार, गच्चीचे पाणी भिंतीपासून दूर, अंगणातल्या हौदाची गळती बंद. तळघरात शौचालय असेल तर त्याच्या नळीवर एकाच दिशेने उघडणारी झडप हवी, नाहीतर तुंबलेल्या गटाराचे पाणी उलटे घरात येते.

खड्डा साधारण ६० सेंमी. व्यासाचा आणि ७५ ते ९० सेंमी. खोल असतो. सिमेंटच्या कड्या उतरवून, तळाला खडी घालून तो करता येतो. झाकण पक्के हवे. लहान मुलांच्या दृष्टीने ही बाब टाळता येण्यासारखी नाही. आत पाण्यात बुडून चालणारी मोटार ठेवतात. गाळ येत असेल तर साध्या ओपनवेल मोटारीऐवजी गाळ ओढणारी घ्यावी आणि ती विटेवर उचलून बसवावी. मोटार चालू-बंद करतो तो फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता स्विच. शेतावरचा ‘ऑटो’ वीज आली की मोटार सुरू करतो, हा पाणी चढले की सुरू करतो. पंप निकामी ठरण्याचे नेहमीचे कारण हा फ्लोटच असतो, वायरीत किंवा भिंतीला अडकून बसलेला. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी झडप) नसेल तर पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते आणि मोटार उगाच सुरू-बंद होत राहते. मोटार आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपला बारीक भोक पाडतात, म्हणजे मोटार हवा धरत नाही.

किती मोठी मोटार घ्यावी, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा खड्ड्याला विचारावे. ऐन पावसात मोटार थांबवून पाणी मिनिटाला किती सेंटिमीटर चढते ते मोजायचे. ६० सेंमी. व्यासाच्या खड्ड्यात १ सेंमी. म्हणजे सुमारे २.८ लिटर. उघड्या उतारावरून पाणी येत असेल तर हिशेब निराळा. अतिवृष्टीसाठी महसूल खाते धरते त्या ६५ मिमी. पावसात १०० चौ. मी. जागेवर ६,५०० लिटर पाणी पडते. पाच मीटर चढावर मिनिटाला १०० लिटर फेकणाऱ्या मोटारीला ते काढायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि पाऊस कधी कधी तासाभरातच एवढा पडतो.

खरी परीक्षा विजेची. वादळी पावसात तारा तुटतात, फीडर बंद पडतो, आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच असते. पर्यायी वीज नसलेला उपसा-पंप अर्धाच बसवलेला समजावा. घरातला इन्व्हर्टर अनेकांना पुरेसा वाटतो, पण सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते आणि पंख्या-दिव्यांसाठी घेतलेला इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार त्यावर सलग दोन-अडीच तास चालली तरी पुष्कळ. म्हणून उपशासाठी वेगळा इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवावी, शक्यतो वरच्या मजल्यावर. त्याहून चांगले म्हणजे दुसरी छोटी, बॅटरीवर चालणारी मोटार. तिचा फ्लोट पहिल्यापेक्षा १०–१५ सेंमी. वर बांधायचा, म्हणजे पहिली अडली की दुसरी आपोआप उठते. तिच्याबरोबर भोंगा लावला तर घरातल्यांना रात्रीही कळते. नळाच्या दाबावर चालणारे पंप परदेशात वापरतात. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावांत त्यांचा उपयोग नाही. जनरेटर चालतो, पण तो तळघरात कधीही लावू नये: धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो.

उपसलेले पाणी भिंतीलगत सोडले तर तेच फिरून खड्ड्यात येते. ते काही मीटर लांब, उताराच्या बाजूला न्यावे. शोषखड्ड्यात सोडायची इच्छा या पाणीटंचाईच्या मुलखात साहजिक आहे आणि मुरमाड जमिनीत ती योग्यही आहे. काळ्या मातीतला शोषखड्डा मात्र भाद्रपदात स्वतःच भरलेला असतो. तळघराचे गढूळ, तेलकट पाणी थेट बोअरमध्ये सोडणे हा तर सगळ्या शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या राजेंद्रनगरमध्ये शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून मुले येतात त्या लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर या शहरांनी ही घटना विसरू नये. रस्त्यावरून लोंढा आत आला तर कोणताही पंप त्याला पुरा पडत नाही. अशा तळघरात माणसे बसवायचीच नाहीत, निदान जिन्याची दुसरी वाट असल्याशिवाय नाही. पाणी साचलेल्या तळघरात मेन स्विच बंद केल्याखेरीज उतरू नये. तो स्विच आणि वीज गळू लागली की आपोआप बंद पडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर वरच्या मजल्यावरच असावा.

मृगाच्या आधी खड्ड्यातला गाळ काढून दोन बादल्या पाणी ओतून मोटार उठते का ते पाहतात. तीच चाचणी मेन बंद करून बॅटरीवरही घ्यावी आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरावे. पाऊस उघडला तरी भूजल चढलेलेच असते, म्हणून दसऱ्याला मोटार काढण्याची घाई करू नये. शेजारच्या विहिरीची पातळी खड्ड्याच्या तळाखाली गेली की मोटार वर काढून धुऊन कोरडी ठेवतात.